पुढच्या थरात काय सापडेल

पंधरा वर्षं मी या शाळेत आठवीच्या मुलांकडून माती उकरून घेतेय, आणि पंधरा वर्षं शिक्षकांच्या खोलीत मला विचारतात, "काय, सापडलं का सोनं?" हसून हसून यांची पोटं कशी दुखत नाहीत कोण जाणे.

प्रयोगशाळेच्या मागे एक मोठा लाकडी खोका आहे. त्यात मी तीन थर भरते. खाली तांबडी माती, मध्ये वाळू, वर काळी माती. प्रत्येक थरात वस्तू पुरते. मुलांनी थापीने आणि ब्रशने एकेक थर उघडायचा, वस्तू जागेवर असतानाच तिची नोंद करायची आणि मग सांगायचं, इथे कोण राहत होतं. नियम दोनच. पुराव्याशिवाय बोलायचं नाही. आणि शेवटी बाईंनी खरं काय ते सांगायचं.

दरवर्षी मी बाजारातून मडकी आणून फोडते. यंदा त्याला वेळ कुठून आणू? माळ्यावर एक पोतं होतं. घरात जे फुटेल, तुटेल ते मी दहा वर्षं त्यात टाकत आले होते, खोक्याला कधीतरी लागेल म्हणून. तेच जुनं खाली, नवं वर असं पुरून टाकलं. आपल्याच घरचा केर, पोरांना काय कळणार, असं वाटलं. शिकवते मी हेच, आणि अक्कल ही एवढी!

त्यात त्या दिवशी माझं डोकं ठिकाणावर नव्हतं. एका खऱ्या उत्खननावरून बोलावणं आलं होतं. तीन महिने तंबूत राहायचं आणि शाळांची मुलं येतील त्यांना खऱ्या खड्ड्यात उतरवायचं. जन्मभर खोट्या मातीत हात घातलेल्या बाईला आणखी काय हवं? उत्तर त्याच दिवशी चारपर्यंत कळवायचं होतं. पण घरी आई होती. पाच वर्षं झाली, तिचं मन मागे मागे चाललंय. आता तर ती मलाच आई म्हणते. मी शाळेत असते तेवढा वेळ तिला सांभाळायला एक मावशी येतात. तीन महिने तिला न्यायचं तर दादानेच, आणि दादा महिनाभर नुसतं "बघतो, बघतो" म्हणत होता.

"बाई, चार कप!"

ही वकील. खरं नाव हजेरीपटात आहे, पण सगळे तिला वकीलच म्हणतात, कारण तिच्याशी वाद घालून आजवर कोणी जिंकलेलं नाही. खालच्या थरातले निळ्या काठाचे तुकडे तिने जुळवून मांडले होते. "कपांचे चार कान सापडले. म्हणजे चार माणसं. आणि हा एक जाड भिंगाचा चष्मा."

मधल्या थरात दोनच कान निघाले.

"दोघं कमी झाली," वकील म्हणाली. "चष्म्याचं माणूस बहुतेक वारलं. दुसरं कुठेतरी राहायला गेलं आणि परत आलंच नाही."

"पाहुणा म्हणूनसुद्धा नाही?" मी जरा जास्तच चिडून विचारलं.

"पुरावा नाही, बाई."

ऐकलंस का रे, दादा?

वरच्या थरात नुसतं प्लास्टिक. तोटीचा झाकणवाला पेला, तडकलेला. एक मऊ चमचा, चावून चावून कडा गेलेला. टेबलाच्या कोपऱ्यांना लावायची रबरं. फाटलेलं लाळेरं.

"बाळ!" सगळा वर्ग एकदम ओरडला. "घरात बाळ आलं!" दोघी-तिघींनी तर टाळ्या वाजवल्या. तो माझ्या आईचा पेला होता, तिचा चमचा, तिचं लाळेरं. मी खोक्याची कड धरली.

"आणि या तपकिरी क्लिपा बघा," वकील म्हणाली, "तिन्ही थरांत आहेत. म्हणजे ही बाई पहिल्यापासून तिथेच आहे. बाकीचे गेले, ही गेलीच नाही कुठे."

माझा हात अंबाड्याकडे गेला. तिथे तसलीच क्लिप होती. गुपचूप हात खाली घेतला.

मधल्या सुट्टीत मी वरच्या थराचा फोटो दादाला पाठवला. खाली लिहिलं, "हे बघ, आणि चारच्या आत सांग." पाच मिनिटांत उत्तर आलं. "अरे वा, कोणाचं बाळ? आणि आईचं म्हणशील तर तिला तुझी सवय आहे गं, इथे बावचळेल. पुढच्या वर्षी नक्की बघू."

पोटचा मुलगा, आणि आईचा पेला ओळखता आला नाही! इतका संताप आला की रडूच फुटलं, आणि रडू फुटलं म्हणून आणखी संताप आला. नळाखाली तोंड धुतलं आणि परत खोक्यापाशी गेले.

"आता सांगा ना बाई, बरोबर का आमचं?"

मातीने बरबटलेले तीस चेहरे माझ्याकडे बघत होते. काय सांगणार होते मी त्यांना?

"बरोबर," मी म्हणाले. "बाळच होतं." पंधरा वर्षांत त्या खोक्यापाशी पहिल्यांदा खोटं बोलले.

"मग काही नाही, बाई," वकील म्हणाली, मलाच धीर दिल्यासारखी. "चार-पाच वर्षांचा प्रश्न. बाळ मोठं झालं की ती सुटली."

सुटली म्हणे. त्या घरातून सुटायची एकच वाट आहे, आणि ती मी मनातल्या मनात किती वेळा चालून आलेय, ते या पोरीला काय माहीत! दर वेळी घरी जाऊन आईचं तोंड पुसताना स्वतःची शरम वाटलीय. माझा जीव आहे हो तिच्यावर. तिथेच तर सगळी गोची आहे.

नोंदवहीत शेवटी एक रकाना मीच ठेवलाय, "यानंतरच्या थरात काय सापडेल?" म्हणून. वकिलीणबाईंनी लिहिलं होतं, "पुन्हा दोन चिनी मातीचे कप. बाळ मोठं झाल्यावर दोघं मिळून चहा पितील. पुरावा नाही, पण असंच होणार."

चारला दहा मिनिटं होती. उत्खननवाल्यांना कळवलं, "यंदा जमणार नाही." मग लाल पेन घेतलं. खरं उत्तर मला ठाऊक होतं. एक कप. वकिलीणबाईंना मी दहापैकी दहा दिले, आणि मावशींची जायची वेळ होईल म्हणून घाईघाईने घरी निघाले.