मुरबाडचा ठिपका

माझा किडा युरोपपासून जपानपर्यंत सापडतो, पण मुरबाड तालुक्यात, आत्याच्या टोकावड्यात सापडत नव्हता. आणि तो इथे सापडला नाही, तर माझ्या प्रबंधातलं नकाशाचं प्रकरण सर परत पाठवणार होते. शहापूर तालुका ठिपक्यांनी भरला होता, मुरबाड मात्र कोरा. जणू किड्याला तालुक्याची हद्द ठाऊक आहे.

किडा म्हणजे भुंगेराच, पण पंखांची झाकणं चोळीसारखी आखूड, त्यामुळे अर्धं पोट उघडं. डिवचलं की विंचवासारखी शेपूट वर करतो. शेणात राहतो, माश्यांच्या अळ्या खातो. आमच्या शहापुरातल्या सापगावच्या उकिरड्यात ढिगाने आहेत. म्हणून मी येसूआत्याला फोन केला, "येते गं, तुझा उकिरडा बघायला." ही माझी घोडचूक.

माहेरची भाची, त्यातून कॉलेजातली, ती येऊन बघणार काय, तर उकिरडा? मी पोचले तेव्हा गोठा चुन्याने पांढराफेक होता. शेण उरलं होतं ते फक्त अंगणाच्या सारवणात.

"उकिरडा कुठे गेला?"

"आमच्यात असली घाण नाय गो," म्हणून आत्या चहा ठेवायला आत गेली.

मी दगड उलटले, पाचोळा उकरला. आत्या मागून प्रत्येक किडा तपासत होती. शास्त्राने किड्यांची कुळं, पोटकुळं पाडून ठेवली आहेत. आत्याची खाती तीनच. चावणारे, न चावणारे आणि कोंबडी खाते ते. तिला एकदाही अडखळावं लागलं नाही, याचा मला रागच आला.

तिचा मुलगा विपुल वैशाखऱ्याच्या रस्त्यावर जीप चालवतो. तो जेवताना म्हणाला, "तुमच्याकडनं डबाभर आनून देतो. इथं आले की मुरबाडचे झाले. आई पन सापगावचीच ना? आता तिला टोकावड्याचीच धरतात."

मोह झाला, खोटं कशाला बोलू? पण असा ठिपका पाडला तर सगळा नकाशाच खोटा. डोळ्यांत पाणी आलं. मी पिशवी उचलली. "जाऊ दे आत्या. शहापुरात आहे, मुरबाडात नाही, असंच लिहिते."

भांडी घासता घासता आत्या थांबली. "कागदावर लिवनार?"

"छापून येणार."

"शहापुरात हाय नि आमच्यात नाय?"

लग्न झाल्यापासून ती मुरबाडची बाजू घेऊन माझ्या बाबांशी भांडत आली आहे. तांदूळ मुरबाडचा चांगला, बाजार मुरबाडचा मोठा, माणसंसुद्धा मुरबाडचीच साधी. तिने हात पदराला पुसले आणि मला शेजारणीच्या, लहानीच्या गोठ्यामागे नेलं. तिथे ताडपत्रीखाली आत्याचा अख्खा उकिरडा होता, आदल्या दिवशी विपुलकडूनच घमेल्यांनी वाहून घेतलेला. आणि हाच विपुल जेवताना मला अक्कल शिकवत होता.

मी शेणाची खपली उलटली. आखूड पंखांचा एक जण बाहेर आला आणि त्याने शेपूट वर केली. मी तशाच शेणाच्या हातांनी आत्याला मिठी मारली.

किड्याच्या बाटलीवर चिठ्ठी लावावी लागते. गाव, तारीख, आणि तो नेमका कुठे सापडला ते. मी 'टोकावडे, येसूबाईंचा उकिरडा' असं लिहायला घेतलं, तोच आत्याने माझं मनगट धरलं.

"लहानीचा लिव," ती म्हणाली. "सापडला तिथंच ना?"