बनियनचा खटला

मी एक जुना मोबाइल आहे. मित्रांनो, या देशातलं विचारस्वातंत्र्य माझ्यावर उभं आहे, असं वकील नयनाबेन म्हणाल्या. त्या वेळी माझी पाठ रबरबँडने बांधलेली होती.

कारखान्यातलं मला काही आठवत नाही. आठवतं ते बडोद्याच्या अलकापुरीतलं दुकान. यशश्रीने कॅनडाला जाण्याआधी तिथून मला वडिलांसाठी घेतलं. वडील म्हणजे बडोद्यातल्याच अकोट्याचे बळवंतराव, रिफायनरीतून निवृत्त. "गुणी फोन आहे," असं ते दूधवाल्यालाही सांगत.

एके सकाळी नाक्यावर नवा फलक लागला. वॉर्डातले नेते जयसिंगराव चौथ्या पक्षात गेले होते. बळवंतरावांनी घरी येऊन माझ्या स्टेटसवर लिहिलं, 'आम्ही बनियन बदलत नाही तितक्यांदा हे पक्ष बदलतात.'

एवढ्यावर थांबले असते तर मी आज हे सांगत नसतो. पण त्यांचे आजोबा संस्थानी कचेरीत होते. कुणाच्या माघारी बोलणं त्या घरात बसत नाही. म्हणून त्यांनी जयसिंगरावांना वेगळा संदेश पाठवला: 'आपल्याविषयी स्टेटसवर दोन शब्द लिहिले आहेत. कृपया पाहावे. लोभ असावा.'

जयसिंगरावांनी पाहिलं. लोभ राहिला नाही. अब्रूनुकसानीचा फौजदारी खटला आला आणि मी पुरावा झालो. म्हणजे काय, ते मला नीट कळलं नाही. एका पिशवीत घालून मला नयनाबेनच्या खणात ठेवलं. चार्जिंगसुद्धा कुणी करेना.

"तमे गभराशो नहीं, काका," नयनाबेन म्हणाल्या. "विधान खरं असलं की आपण सुटू. पक्ष चार झाले, ते सिद्ध आहे. आता सांगा, बनियन किती वेळा बदलता?"

"रोज," बळवंतराव म्हणाले. "उन्हाळ्यात दोनदा."

नयनाबेननी पेन खाली ठेवलं. "मग विधान खोटं आहे, काका."

"अहो, ती बोलण्याची पद्धत झाली."

"कोर्टात पद्धत वेगळी."

तिकडे यशश्रीचे दिवस भरत आले होते. बळवंतरावांच्या पासपोर्टची मुदत संपलेली, आणि नव्या अर्जात विचारलं होतं, तुमच्यावर फौजदारी खटला चालू आहे का?

"माफी मागा," बळवंतरावांच्या पत्नी स्नेहलताबाई म्हणाल्या.

"तत्त्वाचा प्रश्न आहे."

"तत्त्व घेऊन बसा अकोट्यात. मी एकटी जाते लेकीकडे. आणि बनियन तुमचे तुम्ही धुवा."

बळवंतरावांनी दोरीवरचे बनियन मोजले. मग हो म्हणाले.

जयसिंगरावांची अट एकच होती: बदनामी जिथे झाली तिथेच, तेवढाच वेळ माफी दिसली पाहिजे. मला खणातून काढलं, चार्ज केलं. बळवंतरावांनी चष्मा पुसून स्टेटसवर माफी लिहिली. नयनाबेननी तिचा फोटो कोर्टात दिला. खटला मागे घेतला गेला, पासपोर्टचा अर्ज गेला.

मित्रांनो, मला पाण्यापासून जपा, उशीखाली ठेवू नका. आणखीही काहीतरी जपायला हवं होतं, असं मला सारखं वाटतं. ते नेमकं काय, हे मी खणात पडून पुष्कळ शोधलं. सापडलं नाही.

स्टेटस किती जणांनी पाहिलं ते माझ्याकडे दिसतं. बदनामी दोघांनी पाहिली होती, स्नेहलताबाईंनी आणि जयसिंगरावांनी. जयसिंगरावांनी खटला घालतानाच बळवंतरावांचा नंबर काढून टाकला होता, त्यामुळे त्यांना आमचं स्टेटस दिसत नव्हतं. माफी एकट्या स्नेहलताबाईंनी पाहिली.