सुनेच्या नावावरचं मीठ

मित्रांनो, माझ्या चार कड्यांपैकी एक तुटलेली आहे आणि माझ्या अंगाचा वास कुठल्याही साबणाने जात नाही. एवढ्यावरून तुम्ही ओळखलंच असेल, मी एक जुना किमचीचा, म्हणजे मिरची-मसाल्यात आंबवलेल्या कोबीचा, डबा आहे. बाहेरून करडा, आतून नारिंगी. हा नारिंगी रंग मला कारखान्याने दिलेला नाही. तो मिरचीचा आहे आणि वर्षानुवर्षांच्या नोकरीत चढलेला आहे.

थेग्यूने आपल्या आईला किमचीचा फ्रिज घेऊन दिला, त्याच्यासोबत आम्ही आठ भाऊ फुकट आलो. ही आई म्हणजे ओकबुनआजी. सोमजिन नदीच्या काठी, डोंगराच्या कुशीतल्या गावात ती एकटी राहते. थेग्यू आणि त्याची बायको मीरान सोलला असतात. पहिल्याच हिवाळ्यात आजीने मला आणि माझ्या एका भावाला काठोकाठ भरलं आणि मुलाच्या गाडीत चढवलं. झाकणावर तिने काळ्या शाईने लिहिलं, 'परत आणा'. मुलाला उद्देशून लिहिलं की आम्हाला, ते मला कधी कळलं नाही.

आमच्याकडे कुणाचा डबा रिकामा परत करायचा नसतो. त्यामुळे जाताना माझ्यात किमची असे आणि येताना सोलचं काहीबाही. कधी नासपती, कधी सुकवलेली मासळी, एकदा तर लोकरीचे पायमोजे. ते मोजे आजीने कौतुकाने हिवाळाभर घातले. गावातल्या म्हाताऱ्यांच्या बैठकीच्या खोलीत ती दारात पोचायच्या आधीच लोक तिच्यासाठी सरकून जागा करत. वास पुढे येई, आजी मागून.

कडी तुटली ती थेग्यूमुळे. महामार्गावरच्या थांब्यावर बसायला जागा नव्हती, म्हणून तो माझ्यावर बसून अक्रोडाचे केक खात होता. तेव्हापासून मला दोरीने बांधतात. पण मी तक्रार करत नाही. त्या काळात माझा मान मोठा होता. सोलच्या घरी पाहुणे आले की मांसाच्या ताटाकडे बघायच्या आधी विचारत, गावाकडची आहे का? मग मला टेबलाजवळ आणलं जाई.

तीन वर्षांपूर्वी मिठाने दगा दिला.

म्हणजे मीठ तेच होतं, आजीची जीभ बदलली होती. वयाने तिला खारट कळेनासं झालं. मसाला कालवताना ती चाखायची, काहीतरी कमी आहे असं तिला वाटायचं, आणि ती खारवलेल्या मासळीचा आणखी एक वाडगा आत ओतायची. त्या वर्षी सोलला माझं झाकण उघडून मीरानने पहिला तुकडा खाल्ला आणि नळ सोडला. आधी स्वतःसाठी, मग किमचीसाठी.

संध्याकाळी आजीचा फोन आला, कशी झालीय म्हणून. मीरान म्हणाली, "आई, नुसती तोंडात विरघळते." आजी इतकी खूश झाली की पुढच्या वर्षी तिने कोबीचे गड्डे वाढवले. त्या वर्षी थेग्यूने फोनवर आणखी कौतुक केलं. त्याच्या पुढच्या वर्षी आजीने शेजारच्या शेताचा तुकडाही कोबीसाठी मागून घेतला. सोलच्या घरात आता किमची वाटण्याची मोहीम सुरू झाली. इमारतीच्या रखवालदाराने पहिल्या वर्षी डबा आनंदाने घेतला. दुसऱ्या वर्षी त्याला डॉक्टरांनी मना केलं. तिसऱ्या वर्षी थेग्यू लिफ्टमधून बाहेर पडताना दिसला की तो गस्तीला निघून जाई. माझा भाऊ असा कसाबसा रिकामा झाला. मी मात्र फ्रिजच्या तळाशी वर्षभर भरलेलाच राहिलो. मित्रांनो, भरलेल्या डब्याला कोणी हात लावत नाही, तेव्हा त्याला फार अवघडल्यासारखं होतं.

यंदा नोव्हेंबर संपत आला आणि किमजांगसाठी, म्हणजे हिवाळ्याची किमची घालायला, गावी जायची वेळ झाली. मीरानने माझ्या भावाला घासून त्यात नासपती आणि हाताला लावायचं मलम भरलं आणि त्याला दाराजवळ ठेवलं. थेग्यूचा फोन चालू होता. फोन कानाशी धरून तो सवयीने फ्रिजकडे गेला, मला बाहेर काढलं आणि गाडीत नेऊन ठेवलं. मी जड लागलो तेव्हा त्याला वाटलं असणार, यंदा बायकोने सढळ हाताने भरलंय.

गाडीत दोघांचा एकच विषय होता. मीरानचं म्हणणं, यंदा आईंना सांगून टाकायचं. थेग्यूलाही ते पटत होतं, फक्त कोणी सांगायचं यावर गाडी अडली होती.

"तुमची आई, तुम्ही सांगा."

"मी सांगितलं तर ती उद्यापासून कोबीच लावणार नाही. मग आपण गावी यायचं कशाला?"

"आईंना भेटायला."

थेग्यूने पुढचा ट्रक ओलांडला. मग म्हणाला, "नुसतं भेटायला कधी आलोय आपण?"

हे खरं होतं. या घरात कोणी नुसतं येत नसे. आजीही नुसतं बोलावत नसे. कोबी तयार झालाय, असं ती फोनवर सांगे, आणि त्याचा अर्थ दोघांना कळे. कोबी बंद झाला तर तिला सांगायला काय उरणार, या काळजीने थेग्यूने एक वळणही चुकवलं.

गावात पोचलो तेव्हा दुपार होती. मीरान सरळ अंगणात गेली. थेग्यूने डिकी उघडली तोवर त्याचा शाळेपासूनचा दोस्त छांगबे मदतीला आला. छांगबे गावातच राहतो, लोकांचे ट्रॅक्टर दुरुस्त करतो. त्याची आई आजीची शेजारीण. तिला सगळे माहेरच्या गावावरून बोसोंगवाली म्हणतात. थेग्यूने डिकीत वाकूनच छांगबेला हळू आवाजात सल्ला विचारला.

"सांगू नको," छांगबे म्हणाला. "मी आमच्या म्हातारीला म्हटलं होतं, सूप जरा पातळ झालंय. महिनाभर मला वाटीत गरम पाणी मिळालं. वर कांद्याची पात."

"पण फारच खारट असते रे."

"मला काय सांगतोस? तुझी आई आमच्याकडेही देते. आमची म्हातारी त्यात मुळे चिरून टाकते आणि वर्षभर मुळेच खाते."

"मग तिने का नाही सांगितलं?"

"रोज तोंड बघायचंय त्यांना एकमेकींचं." असं म्हणून छांगबेने मला उचललं आणि थेट ओसरीवर नेऊन ठेवलं.

अंगणात बायका कोबीचे गड्डे चिरून मिठाच्या पाण्यात बुडवत होत्या. बोसोंगवाली होती, आणखी दोघी शेजारणी होत्या. सुनेने सोलहून काय आणलं ते बघायला आजी हात पुसत आली आणि तिने माझी दोरी सोडली. मीरान हसत पुढे झाली होती. झाकण उघडलं आणि तिचं हसू जागच्या जागी थांबलं. आत नासपती नव्हती. आत आजीचीच मागच्या वर्षीची किमची होती, वरचं पानसुद्धा न हललेली.

थेग्यूने माझ्याकडे पाहिलं, मग बायकोकडे, मग आकाशाकडे.

आजीने एक पान फाडलं, तोंडात घातलं आणि सावकाश चावलं. चावता चावता ती सुनेकडे बघत होती. मग तिने विचारलं, "ही तू घातलीस, पोरी?"

मीरानपुढे दोनच वाटा होत्या. नाही म्हणावं, तर सासूची किमची वर्षभर न खाता परत आणली हे चारचौघींत उघड होणार.

"हो आई," ती म्हणाली. "मीच घातली. मागच्या हिवाळ्यात."

"बघा गं," आजीने अंगणात हाक दिली. "सोलची सून किमची घालायला शिकली. या, चाखा."

बायका हातमोजे काढून आल्या. बोसोंगवालीने मोठा तुकडा घेतला आणि तिचा चेहरा गोळा झाला. तीन वर्षं मुळे चिरत गिळलेलं सगळं तिच्या ओठांवर आलं, आणि ते सोडायला तिला बिनधोक जागा मिळाली होती.

"अगं बाई, समुद्रात बुचकळून काढलीस की काय? ही किमची आहे की मीठवाल्याचं गोदाम? एका पानात माझा वाडगाभर भात जाईल."

दुसरी म्हणाली, शहरातल्या मुलींना मीठ विकत घेताना वजन करून देतात, पण घालताना कोण वजन करणार. तिसरीने सरळ पाण्याचा लोटा तोंडाला लावला, आणि तेच सगळ्यात वाईट दिसलं. मीरान मान खाली घालून, पुढच्या वेळी लक्ष ठेवीन, असं म्हणत राहिली. थेग्यूने एकदा तोंड उघडलं. बायकोने त्याच्याकडे असं पाहिलं की त्याने ते मिटलं. सासूचं मीठ सुनेच्या नावावर जमा झालं ते असं.

आजी सगळ्यांचं शांतपणे ऐकत होती. तिने कोणाला थांबवलं नाही. बायका पुन्हा कोबीकडे वळल्या तेव्हा तिने मला उचललं आणि मीरानला घेऊन मागच्या नळावर आली. रात्रीच्या जेवणाला ही किमची पाण्यात भिजवून डुकराच्या मांसाबरोबर शिजवायची होती. आजी माझ्यातले गड्डे काढून परातीत ठेवू लागली. मग एक पान उलगडून तिने त्यातून बोटभर मासा बाहेर काढला.

"असा अख्खा मासा पानांत दडवून कोण घालतं, ठाऊक आहे? माझी आई घालायची. आता मी घालते. तिसरं कोणी नाही."

मीरानच्या हातातली वाटी नळाखाली भरून वाहू लागली.

"आई, तुम्हाला कळलं होतं?"

"पहिल्या घासाला. दाताला लागला."

"मग तेव्हाच का नाही बोललात?"

"माझी म्हणून दिली असती, तर त्या बोसोंगवालीने 'अमृत आहे' म्हटलं असतं. दरवर्षी म्हणते. तू म्हणतेस विरघळते, थेग्यू म्हणतो तुझ्यासारखी कोणाची नाही. मला आपलं वाटत होतं, काहीतरी बिघडलंय. कोणी सांगायलाच तयार नाही." आजीने नळ बंद केला. "तुझ्या नावावर खपवली म्हणून खरं ऐकायला मिळालं. शिव्या तू खाल्ल्यास, त्याचं मला वाईट वाटतं. थोडंसं."

मग ती परातीजवळ उकिडवी बसली आणि मघापेक्षा हळू बोलली.

"उद्याचं झालं की बंद करते. तुम्ही खात नाही, शेजारी खात नाहीत. उगाच कंबर मोडायची. तुम्हालाही एवढ्या लांब यायला नको."

हीच ती गोष्ट, जिच्या भीतीने थेग्यूने वाटेत वळण चुकवलं होतं. मी रिकामा, उघडा, दोघींच्या मध्ये होतो. मीरानने एकदा माझ्यात पाहिलं. तीन वर्षांत पहिल्यांदा तिने कौतुक केलं नाही.

"खारट आहे, आई. तीन वर्षं फार खारट आहे. मी धुऊन खाते. पण बंद करू नका."

"खारट करत राहू?"

"नाही. तुम्ही घाला, मी चाखते. माझी जीभ अजून शाबूत आहे."

"आणि तू नसशील तेव्हा?"

"येईन की. जीभ टपालाने पाठवता येत नाही."

आजी उठली. परात उचलताना तिने एक टोक मीरानला धरायला लावलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी अंगणात मसाल्याचं घमेलं मांडलं. आमच्याकडे मसाला भरताना कोबीचं कोवळं पान गुंडाळून शेजारच्याच्या तोंडात घालतात आणि विचारतात, कशी आहे? उत्तर ठरलेलं असतं. आजीने पहिलं पान मीरानच्या तोंडात घातलं आणि म्हणाली, "गोड बोललीस तर उपाशी ठेवीन."

"खारट," मीरान म्हणाली.

अंगणात सगळ्यांचे हात थांबले. बोसोंगवालीने आजीकडे पाहिलं, मग सुनेकडे, मग कालच्या माझ्या जागेकडे, आणि तिला सगळा हिशोब कळला. तिचे कान मिरचीसारखे लाल झाले. आजीने तिला मुळ्याची परात पुढे करून सांगितलं, "चिर. तुला सवय आहे."

मुळा पडला, किसलेली नासपती पडली. पुन्हा पान, पुन्हा मीरानचं तोंड. अजून खारट. आता तिखट. आता गोडाकडे झुकली. मीरानच्या नाकाडोळ्यांतून पाणी येत होतं आणि थेग्यू शेजारी दुधाचा पेला धरून उभा होता. शेवटी ती म्हणाली, "आता बरोबर."

आजीने स्वतः एक पान खाल्लं. तिला मीठ काहीच लागलं नसावं, कारण ती बराच वेळ चावत राहिली. मग तिने हातमोजे वर ओढले. "तू म्हणतेस तर बरोबर," असं म्हणून तिने दोन्ही हात घमेल्यात घातले.

दुपारी निघायच्या वेळी मीरान निघालीच नाही. बोसोंगवालीने तिची बाही धरून ठेवली होती. माझ्याही जिभेचा आता भरवसा वाटत नाही, असं ती कबूल करत होती, आणि मागे आणखी दोघी थांबल्या होत्या. थेग्यू मला नव्या किमचीने काठोकाठ भरून घेऊन एकटाच सोलला परतला. रोज संध्याकाळी तो फोन करून विचारी, कधी येतेस? पलीकडून उत्तर येई, अजून एक घर राहिलंय.

मित्रांनो, या वर्षी थंडी सरायच्या आत मी रिकामा झालो. शेवटचं पान कोणी खायचं यावरून थेग्यू आणि मीरानचं भांडण झालं, ते मी आतून ऐकलं. माझ्या आयुष्यात यापेक्षा मोठा सन्मान झाला नाही. मीरानने मला धुतलं आणि आजीला फोन लावून विचारलं, डबा रिकामा झाला, कधी आणू?

नोव्हेंबर फार लांब होता. कोबीचं बीसुद्धा अजून पेरलं नव्हतं. तरी आजी म्हणाली, "या रविवारीच या. काही काम नाही इथे. नुसते या."

माझी तुमच्याकडे मागणी मोठी नाही. डब्यावर बसून केक खाऊ नका. झाकण लावताना जोर करू नका, आमचंही वय झालेलं असतं. आणि गावाकडून कोणी मायेने भरून दिलेलं तुमच्या पानात पडलं, पाठोपाठ फोन आला, कशी झालीय, तर खरं सांगा. लागलं तर आधी पाणी प्या, आणि मग सांगा.