डाव्या कोपऱ्यातलं हिरवं बटण

पाकळी पडली. उजवी. देवाच्या ओल्या खांद्यावरून सुटून ती पांडुरंग गुरवाच्या पायाशी येऊन थांबली, आणि कोरगावच्या वाचनालयातल्या संगणकांवर फुकटची सिस्टीम बसणार हे सगळ्यांच्या साक्षीनं ठरलं.

वाचनालयाचे अध्यक्ष गोकुळदासबाब यांनी घसा खाकरला.

"पडूक नाय," ते म्हणाले.

सगळ्यांनी पाकळीकडे पाहिलं. पाकळी पडलेलीच होती.

"बाब, ही काय पडली ती," गुरव म्हणाला.

"पाकळी पडली. कौल पडूक नाय. तुजा गाराणा खंय पुरा झाला? 'फुकटची व्हयी तर उजवी दी' इतक्यातच ती सुटली. विकतचीचा नाव देवाच्या कानार गेलाच नाय. एकाच बाजूचा आयकान देव निकाल देतलो?"

आजवर गुरवानं सोयरिकींसाठी, विहिरींसाठी, जत्रेतल्या नाटकात राजा कोणी व्हायचं यासाठीसुद्धा देवाला पाकळ्या लावल्या होत्या. संगणकाचा कौल पहिलाच, त्यामुळे दाखला द्यायला जुनं काही सापडेना. पुढच्या सोमवारी गाऱ्हाणं नीट पूर्ण घालायचं ठरलं. आजच्या सोमवारी देवळात कोणी आलंच नव्हतं असं समजून मंडळी पूजेचं सामान उचलून आपापल्या घरी गेली.

ग्रंथपाल सिद्धी मात्र खांबाला टेकून तशीच उभी राहिली. एरवी ती असल्या गोष्टीवर पोट धरून हसली असती.

वाचनालयाला तुयेच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्यानं आपले जुने संगणक दिले होते, पण डिस्क आतून धुऊनपुसून. कपाट द्यावं आणि आतलं सगळं काढून घ्यावं, तसे. ऑफिसातल्या आधीच्या एकुलत्या एका संगणकाची डिस्क विंडोजसकट मिरगातल्या विजेनं नेली होती; नवी घातली ती कोरी. म्हणजे सगळेच रिकामे. सगळ्यांसाठी विंडोज विकत घ्यायची वाचनालयाची ऐपत नव्हती. कोणाकडून तरी कॉपी करून घालूया, असं खजिनदार म्हणाला, तेव्हा गोकुळदासबाबांनी त्याला देवळाकडे बोट करून दाखवलं. वाचनालय देवळाच्याच अग्रशाळेत, आवारातल्या ओवऱ्यांत, होतं. तिथे चोरीचा माल चालणार नव्हता. त्यांचा तोडगा सरळ होता: ऑफिसातल्या एका संगणकापुरती विंडोज विकत घ्यायची, बाकीचे भंगारात.

बाकीच्यांवर सिद्धीला संध्याकाळचा वर्ग चालवायचा होता. पहिलं नाव अनुसयाचं. ती गडहिंग्लजकडची, त्याच कारखान्यात पॅकिंगला. गणपतीच्या चवथीनंतर तिथल्या स्टोअरमध्ये जागा होणार होती आणि जिला संगणक येईल तिला ती देतो, असं साहेब म्हणाले होते.

"तेवढं जमवा बाई," अनुसया रोज सांगून जायची. "दिवसभर उभं राहून पाय दगड झाल्यात. खुर्चीवर बसायचं काम हाय ते."

फुकटच्या सिस्टीमची, लिनक्सची, सीडी सिद्धीनं पत्ता कळवून मागवली होती. ती परदेशातून, पोस्टखर्चासकट फुकट आली, आणि तिथंच घोटाळा झाला.

"वळख ना पाळख," गोकुळदासबाब सीडी उन्हात धरून बघत म्हणाले होते. "आपलो भाचो म्हापशासून एक आंबो धाडूक कां-कूं करता. आणि हे इतक्या लांबसून फुकट धाडतत? तेंका आपल्याकडसून काय तरी व्हया, बाय."

"काही नको त्यांना, बाब."

"मगे तर जास्तच भियाचा."

सोमवारनंतरच्या गुरुवारी सिद्धीनं ऑफिसातल्या संगणकात ती सीडी घातली. काही बसवायचं नव्हतं, नुसती सीडीवरून चालवून बघायची. पडद्यावर तपकिरी रंग पसरला. मेनूचं बटण वर होतं, वरच्या पट्टीत. तेवढ्यात गोकुळदासबाब पेपर वाचायला आले. पेपर त्यांनी काखेतच ठेवला.

"चलता?"

"चलता. बसा ना."

ते बसले. माऊस त्यांनी पाखराचं पिल्लू धरावं तसा धरला. बाण सरकत सरकत थेट खालच्या डाव्या कोपऱ्यात गेला. तिथं काही नव्हतं. त्यांनी क्लिक केलं. थांबले. पुन्हा केलं. बाण थोडा वर, थोडा खाली, त्याच रिकाम्या जागेभोवती फिरत राहिला, उपटलेल्या खुंट्याभोवती बैल फिरावा तसा.

"वर आसा ता, बाब," सिद्धी म्हणाली.

"वयर कशाक? दीपकान खाली दाखयलेला."

दीपक त्यांचा मुलगा. गेल्या वर्षी कुवेतला गेला. विमानाच्या आदल्या दिवशी तो बापाला घेऊन याच खुर्चीवर बसला होता. डाव्या कोपऱ्यात हिरवं बटण, मग निळं चित्र, मग माझं पत्र. तेवढंच, बाबा, दुसरीकडे कुठे हात लावू नका. दर गुरुवारी गोकुळदासबाब पेपर वाचायला आले की अर्धा तास ऑफिसचं दार लोटलेलं असायचं. हिशेब बघतो, म्हणायचे.

वीज पडून गेल्याला दोन महिने होत आले होते.

गोकुळदासबाबांनी माऊस सोडला. हात धोतराला पुसला, जणू ओला होता.

"नाका," ते म्हणाले. "ही आपली न्हय." आणि पेपर न वाचताच गेले.

सिद्धी बराच वेळ त्या रिकाम्या कोपऱ्याकडे बघत राहिली. मग तिनं कडी लावली. वरची पट्टी धरून ओढली तर ती मुकाट खाली आली. बटणाचं चित्र बदलता बदलता मात्र जेवणाची वेळ टळली. पहिला हिरवा शेवाळासारखा झाला, दुसरा पोपटासारखा. तिसरा बरा होता. त्याच्या शेजारी तिनं निळं चित्र ठेवलं आणि दीपकनं तिच्याकडे देऊन ठेवलेल्या पासवर्डानं बाबांची पत्रं त्याला जोडली. मग कोणाला न विचारता ती सिस्टीम डिस्कवर कायमची बसवून टाकली. विचारायचं ते देवाला विचारून झालंच होतं.

सोमवारी गुरव ओल्या पाकळ्या घेऊन देवळात ताटकळत बसला. गोकुळदासबाब आधी वाचनालयात डोकावले. तपकिरी पडदा बघून त्यांनी कपाळाला आठ्या घातल्या. मग त्यांना कोपरा दिसला. ते उभ्याउभ्याच वाकले आणि क्लिक केलं. निळं चित्र. क्लिक. न वाचलेली पत्रं एकाखाली एक येऊन उभी राहिली.

सिद्धी पुस्तकांना पुठ्ठे घालत होती. तिनं मान वर केली नाही.

बऱ्याच वेळानं मागून आवाज आला. "घेतलंस मगे विकतची?"

"नाही बाब. फुकटचीच ती."

"आणि ह्या बटाण?"

"हलवलं. हलवायला कोणाला विचारावं लागत नाही हिच्यात. लिहिणाऱ्यांनीच तशी सोडलीय."

गोकुळदासबाबांनी पडद्याकडे पाहिलं. पत्रासोबतच्या फोटोत दीपकनं मिशी ठेवली होती. ती त्याला शोभत नव्हती.

"सांग त्या गुरवाक, घरा जा म्हणान," ते म्हणाले. "एकदा दिलेलो कौल परत विचारूक देव म्हणजे काय मामलेदार?"

वर्ग त्याच आठवड्यात सुरू झाला. अनुसयाला मराठी टंकलेखन शिकायला मजकूर हवा होता. तो गोकुळदासबाबांनी पुरवला, तिच्या खुर्चीमागे हात बांधून, एकेक शब्द सांगत. ती एका बोटानं अक्षरं शोधत होती.

"सावकाश, बाय," ते म्हणत होते. "घाय नाय."

"घाई मलाच हाय की बाबा. चवथ आली."

पान पूर्ण झालं तेव्हा दिवेलागण झाली होती. खाली अध्यक्षांची सही, वाचनालयाचा शिक्का. पाकिटावरचा पत्ता त्यांनी स्वतः लिहिला: सिस्टीम तयार करणारे समस्त, मुक्काम जिथे असतील तिथे.

"महोदय, वरील विषयास अनुसरून कळविण्यात येते की, आपण पाठविलेली सिस्टीम येथे चालू आहे. तरी यापुढे आपण कितीही नवीन सुधारणा केल्यास, डाव्या कोपऱ्यातील हिरवे बटण आहे त्याच जागी ठेवण्यात यावे, व ते कोणत्याही कारणास्तव, कधीही हलविण्यात येऊ नये, ही नम्र विनंती."