जावक क्रमांकाशिवाय गेलेली नोंद

जुळे सोलापुरातल्या त्या महाविद्यालयाच्या ग्रंथालयात सॉफ्टवेअर फुकटचं होतं, त्यामुळे त्याच्याकडून अपेक्षा विकतच्यापेक्षा जास्त होत्या. रोज अकराच्या सुमारास ते चालता चालता बंद पडायचं. काउंटरवर ऋतुजा बसायची, म्हणजे बंद पाडणारीही तीच, हे कार्यालयीन अधीक्षक सिद्धाप्पा सरांनी चौकशीआधीच ठरवलं होतं. ग्रंथपालाचं पद रिकामं असल्याने ग्रंथालय त्यांच्याकडेच होतं. महिनाअखेरीस ऋतुजाचं कंत्राट संपत होतं आणि 'हाताळणी निष्काळजी' हा शेरा सरांनी लिहून ठेवला होता. तारीख तेवढी घालायची होती.

ऋतुजाने सॉफ्टवेअर बनवणाऱ्यांना कळवलं. तिकडून कुणा बिनपगारी माणसाने सभ्यपणे लिहिलं, की नुसतं 'बंद पडलं' एवढ्यावरून काही कळत नाही. त्याआधीच्या दहा मिनिटांत कुणी काय केलं, त्याची मशीनने स्वतः लिहिलेली नोंद पाठवा, जशीच्या तशी.

तिने नोंद छापली आणि मंजुरीसाठी सरांपुढे ठेवली. या कार्यालयातून दुखवट्याचा संदेशसुद्धा जावक क्रमांकाशिवाय बाहेर जात नसे. सरांनी लाल पेन काढलं. बावीस वर्षांच्या नोकरीत कुठला कागद त्यांनी इतका मन लावून वाचला नव्हता. जिथे जिथे 'एरर' दिसलं, ती ओळ त्यांनी आडवी खोडली.

"संस्थेच्या चुका आपणच लेखी बाहेर पाठवायच्या व्हय गं?"

"सर, त्यांनी त्याच मागितल्यात."

"मागणारे मागतात की."

तीन पानांच्या सतरा ओळी उरल्या. वर 'महोदय', खाली गोल शिक्का. दोन दिवसांनी उत्तर आलं: या नोंदीत काहीच बिघडलेलं दिसत नाही. सरांनी ते सूचनाफलकावर लावलं. सॉफ्टवेअर धडधाकट, तेव्हा दोष बाईचा. मग खुर्चीत बसून त्यांनी शेऱ्यावर तारीख घातली.

दुसऱ्या दिवशी अकराला सॉफ्टवेअर पुन्हा बंद पडलं. ऋतुजाने या वेळी कुणाला विचारलं नाही. अख्खी नोंद तिने स्वतःच्या मोबाइलवरून पाठवून दिली.

दुपारी उत्तर आलं. काउंटरचा काही संबंध नाही. रोज अकराला 'वापरकर्ता क्रमांक एक' एकेचाळीस हजार पुस्तकांची यादी मुखपृष्ठांसकट एकाच पानावर मागवतो आणि मशीनची स्मरणशक्ती संपते. त्यांना थांबवा. सुधारणा आम्ही करतो.

क्रमांक एक कोण, हे शोधावं लागलं नाही. पहिल्या दिवशी खाती उघडताना सर तिच्या पाठीमागे उभे राहिले होते. प्राचार्यांना दोन नंबर मिळाला होता.

ते उत्तर घेऊन ती थेट प्राचार्यांकडे गेली. त्यांनी सरांना बोलावून विचारलं, तर सर म्हणाले, पुस्तकं जागेवर हायत का, रोज बघावं लागतं. कपाटांपर्यंत चालत जायची गरज त्यांना आजवर भासली नव्हती. प्राचार्यांनी शेरा फाडला आणि ऋतुजाला अकरा महिन्यांची मुदतवाढ दिली.

बाहेर आल्यावर सरांनी तिला थांबवलं. चेहरा पडलेला होता. आता माफी येते की काय, म्हणून ती सावरून उभी राहिली.

"तिकडं नुसतं 'क्रमांक एक' गेलंय?" सरांनी हळूच विचारलं. "फुडं हुद्दा न्हाय?"