साका की अवक्षेप

माझा दादा भांडत नाहीये, हे माझ्या पहिल्यांदा लक्षात आलं ते ‘विद्रावक’ या शब्दापाशी.

रसायनशास्त्राच्या सगळ्या शाखांसाठी एकच शब्दसूची करायला आमची समिती बसलेली होती. औषधवाले, खतवाले, रंगवाले, आम्ही पाणी तपासणारे, जो तो एकाच वस्तूला आपल्या घरचं नाव देतो आणि मग एकाचं पुस्तक दुसऱ्याला कळत नाही. म्हणून नियम केला, एका वस्तूला एकच शब्द. बोलायला काय जातंय! खतवाले ज्याला ‘शुद्ध’ म्हणतात ते औषधवाल्यांनी पाहिलं तर त्यांना घेरी येईल. पोटच्या पोराचं नाव ठेवतानासुद्धा माणसं इतकी भांडत नसतील.

दादा रंगवाल्यांकडून आणि मी पाणीवाल्यांकडून. सख्खी बहीणभावंडं एका समितीत घेऊ नयेत, एवढी अक्कल अध्यक्षांना कुणीतरी आधीच द्यायला हवी होती. दादाला त्याच्या मागे सगळे तिरशिंगराव म्हणत. ‘विद्रावक’ निघाला की तो टेबलावर थाप मारायचा. कारखान्यात मी विद्रावक मागितला तर लोक मला डॉक्टरकडे नेतील, सरळ थिनर लिहा, म्हणायचा. मग मी तोंड सोडायचे. बैठक संपली की वहिनीचा फोन यायचा, आज कोण कुणाला चावलं म्हणून. आमचं ऐकून ती पोट धरून हसायची.

सगळ्यात जुनं भांडण साक्यावरून. रंगाचा डबा पडून राहिला की तळाशी थर बसतो, तो साका. दोन द्रावणं एकत्र केल्यावर काहीतरी नवं तयार होऊन खाली बसतं, तो अवक्षेप. मी म्हणायचे, दोन्ही शेवटी तळालाच जातात ना, मग दोन्हींना अवक्षेप म्हणा, साका हा स्वयंपाकघरातला शब्द आहे. दादा म्हणायचा, साका म्हणजे डब्यात आधीपासून होतं तेच खाली बसलेलं, ढवळलं की पुन्हा रंगात येतं. अवक्षेप हा वेगळाच पदार्थ. तुला पदवी दिली कुणी? खरं तर त्याचंच बरोबर होतं, आणि ते मला पहिल्या दिवशीच कळलं होतं. पण हो म्हटलं असतं तर संध्याकाळभर करायचं काय?

मग वहिनी गेली. चार दिवसांचा ताप काय येतो आणि धडधाकट बाई काय जाते. दादा कित्येक बैठकांना आला नाही. आला तेव्हा दाढी केलेली, शर्टाला इस्त्री, सगळं जिथल्या तिथे. मला हायसं वाटलं. तेवढ्यात ‘विद्रावक’ वाचला गेला. मी पदर खोचून तयार, आणि दादा म्हणाला, चालेल. मला वाटलं त्याला ऐकू आलं नसेल. पुढच्या शब्दालाही चालेल. त्याच्या पुढच्यालाही. चहाच्या वेळी अध्यक्ष खुशीत मला म्हणाले, तुमचे दादा किती शांत झालेत, आता काम झरझर उरकेल. मला त्यांचा असा संताप आला की कप तसाच ठेवून मी उठले.

घरीही तेच. जेवलास का विचारलं तर हो, आणि जाऊन बघावं तर पातेलं जसंच्या तसं. माझ्याकडे राहायला ये म्हटलं, चालेल म्हणाला, आणि आला नाही. भांडला असता तर मी समजले असते की माणूस आत आहे. एकदा तरी त्याने माझ्यावर ओरडावं एवढंच मला हवं होतं.

शेवटच्या बैठकीत साका निघाला. हा तो सोडणार नाही, माझी खात्री होती. मी मुद्दाम कुजकट बोलले. म्हटलं, ज्यांना साक्याचा एवढा पुळका आहे त्यांनी स्वयंपाकघरातच बसावं.

दादा म्हणाला, “चालेल. अवक्षेप लिही.”

मी उभी राहिले आणि साक्याची बाजू मांडायला लागले. दादाचा एकेक मुद्दा, त्याच्याच शब्दांत, टेबलावर थापसुद्धा मारली. अध्यक्ष बघतच राहिले. अहो बाई, दोन्हींना अवक्षेप म्हणा हे तर तुमचंच म्हणणं होतं, म्हणाले. मी म्हटलं, होतं, ते चूक होतं, आणि ज्याचं बरोबर होतं तो इथेच बसलाय, त्याला विचारा. सगळे दादाकडे बघायला लागले.

“अगं, कशाला वेळ घालवतेस?” तो मऊ आवाजात म्हणाला. “लोकांना घरी जायचंय.”

मत घेतलं. अवक्षेपाच्या बाजूने सगळे हात वर गेले, त्यात दादाचाही होता. विरोधात मी एकटी. अध्यक्षांनी सूची पुरी झाल्याचं जाहीर केलं, टाळ्या पडल्या, दादानेही वाजवल्या.

मी त्याला जिन्यात गाठलं. हे चूक आहे, तुला ठाऊक आहे, म्हटलं. ठाऊक आहे, म्हणाला. मग हात का वर केलास? तर म्हणे, लवकर संपतं.

माझा तोल गेला.

“लवकर संपवून घरी जाऊन करणार काय? घरी आहे कोण तुझं?”

असं कुणी वैऱ्यालाही बोलू नये. पण खोटं कशाला सांगू, त्याही क्षणी मला आशा होती. आता तरी चिडेल, चार शिव्या देईल, आयुष्यभर तोंड बघणार नाही म्हणेल. त्याने कठड्यावर हात ठेवून थोडा विचार केला.

“हो,” म्हणाला. “तुझं बरोबर आहे.”

लहानपणापासून हे एक वाक्य त्याच्या तोंडून काढायला मी जंग जंग पछाडलं होतं. मी तिथेच पायरीवर बसले आणि रडले. लोक बाजूने उतरून जात होते. दादा मी उठेपर्यंत शेजारी उभा राहिला, आणि काय झालं म्हणून त्याने एकदाही विचारलं नाही.