दोन्हीकडची पायली

मित्रांनो, मी एक जुनी पायली आहे. तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी माझं नावही ऐकलं नसेल, आणि त्यात तुमचा काही दोष नाही. आता सगळं पिशवीत बंद होऊन येतं, वर वजन छापलेलं असतं. आमच्या काळी धान्य मोजून द्यावं लागे आणि मोजायला मी लागे. उभ्या लाकडी पट्ट्या एकमेकींना भिडवून, बाहेरून दोन लोखंडी कड्या आवळून केलेलं गोल भांडं, ती मी. दिसायला काही फार देखणी नाही. पण एके काळी माझ्या भरवशावर दोन देशांचा बाजार चालायचा. ही बढाई नाही बरं का, खरं तेच सांगते.

माझं माहेर कोणतं, असं विचाराल तर माझी पंचाईत होते. लाकूड पलीकडच्या देशातल्या डोंगरावरचं, सुतार अलीकडचा आणि कड्या ठोकणारा लोहार पुन्हा पलीकडचा. तेव्हा मी नक्की कुणाची, हे मला कधी कळलं नाही आणि त्याने माझं काही अडलंही नाही.

दोन देशांच्या दोन चौक्या होत्या. मध्ये एक उघडं मैदान. तिथे आठवड्यातून एकदा बाजार भरे. दोन्हीकडच्या लोकांचे देव वेगळे, प्रार्थनेचे वार वेगळे. म्हणून दोघांच्या मधला, कुणाच्याच देवाचा नसलेला वार जुन्या माणसांनी बाजारासाठी निवडला होता. अलीकडे शेती चांगली. तीळ भरपूर पिकायचे, पण तेल काढायचा एकही घाणा नव्हता. पलीकडे घाणे होते, पण जमीन खडकाळ. आता सांगा, एकमेकांवाचून त्यांचं चालणार कसं?

तीळ विकणाऱ्या बाईला सगळा बाजार आक्का म्हणे. तिचा नवरा लवकर गेला होता. तीळ विकून तिने मुलाला वाढवलं, त्याचं लग्न केलं, सून घरी आणली. तिचं सगळ्यात मोठं गिऱ्हाईक म्हणजे पलीकडचा घाणेवाला. मोठ्या आवाजाचा, मोठ्या मनाचा माणूस. आक्का त्याला दादा म्हणायची आणि भाव करताना सख्ख्या भावाशी भांडावं तशी भांडायची.

बाजाराची एक रीत होती. विकणाऱ्याने मला भरायचं आणि वर आलेली शीग घेणाऱ्याने लाकडी पट्टी फिरवून सपाट करायची. म्हणजे प्रत्येक मापाला दोघांचा हात लागायचा, मग मागाहून तक्रार कसली करणार? शिवाय मी एक आठवडा आक्काच्या घरी राहायची आणि दुसरा आठवडा घाणेवाल्याच्या. एकाच घरी राहिले तर लोकांच्या मनात पाल चुकचुकायला कितीसा वेळ लागतो!

दोन्ही घरी माझे लाड व्हायचे, पण तऱ्हा निराळ्या. आक्काच्या धर्मात पोटापाण्याची वस्तू प्रार्थनेच्या दिवशी पाण्याने धुऊन पवित्र करायची असते. ती मला आतून-बाहेरून धुवायची आणि डोळे मिटून काहीतरी पुटपुटायची. घाणेवाल्याच्या धर्मात त्याच वस्तूला तेल लावायचं असतं. तो मांडीवर घेऊन मला तेल चोळायचा आणि तोही काहीतरी पुटपुटायचा. दोघांचे शब्द वेगळे होते. मागणं मात्र एकच होतं, आपल्या हातून खोटं माप जाऊ नये.

आक्का त्याला चिडवायची, की तुमच्या देवाला तळकट फार आवडतं बाई. तो म्हणायचा, तुमच्या देवाला सारखी सर्दी होत असेल. हसायचे आणि कामाला लागायचे. मला तेल कशासाठी आणि पाणी कशासाठी, याचा विचार दोघांनीही कधी केला नाही. देवाचं म्हणून करायचे, झालं.

मग एक दिवस वरच्या माणसांचं काहीतरी बिनसलं. काय बिनसलं ते मैदानात कुणालाच धड सांगता येईना. चौक्यांवर आडवे बांबू पडले, बाजार उठला. तो आठवडा आक्काकडचा होता, म्हणून मी तिच्याकडे राहिले. जाताना घाणेवाल्याने लांबूनच हात उंचावला आणि पायलीला जप, असं ओरडून सांगितलं. तिने मान हलवली.

आणि तिने जपलं हो! जीवापाड जपलं. आतल्या खोलीतल्या फळीवर मला ठेवलं, आणि आठवड्यातून एकदा धुवायची ती रोज धुऊ लागली. बाजार सुरू होईल तेव्हा पायलीवर एक डाग दिसता कामा नये, असं तिच्या मनाने घेतलं होतं. बाजार काही सुरू होईना. तिळांना गिऱ्हाईक नव्हतं. पोती घरात पडून राहिली, त्यांना कुबट वास यायला लागला. पलीकडे घाणे थंड पडले होते. घरातलं एकेक भांडं बाहेर गेलं, पण मला विकायचा विचारसुद्धा आक्काच्या मनात आला नाही.

एकदा सुनेने सुचवलं, की पायली कोरडी वाटते, थोडं तेल लावू का? आक्काने तिचा हात धरला. ते त्यांच्या देवाचं आहे, आपण त्यात हात घालायचा नाही, त्यांचा मान राखायला हवा, असं तिने समजावलं. मी ओरडून सांगणार होते, पण पायलीला तोंड असलं तरी जीभ कुठे असते?

मित्रांनो, लाकूड पाणी पितं. अंगावर तेल होतं तोवर पाणी वरच्यावर ओघळून जायचं. आता ते आत मुरायला लागलं. मी फुगले. बाहेर लोखंडी कड्या घट्ट, त्यामुळे मला फुगायला जागा फक्त आतल्या बाजूला. दिवसेंदिवस माझं पोट लहान होत गेलं. घरात कुणालाच ते दिसलं नाही.

बऱ्याच काळाने वरच्या माणसांचं जुळलं. मैदानात मांडव पडला, दोन्हीकडचे साहेब आले, फोटो निघाले. एका साहेबांनी भाषणात सांगितलं की आजपासून दोन्ही देशांची अर्थव्यवस्था एकमेकींशी जोडली जाणार आहे. आक्काने सुनेला हळूच विचारलं, मग इतके दिवस आपण काय करत होतो गं?

त्याच दिवशी घाणेवाला आला. केस पिकले होते, आवाजही उतरला होता. आक्काने मला भरलं, त्याने पट्टी फिरवली. दोघांच्याही डोळ्यांत पाणी होतं आणि दोघंही उडालेल्या धुळीला नावं ठेवत होते. तीळ घेऊन तो गेला. आता तो आठवडा पलीकडचा होता खरा, पण त्याच्या बैलगाडीत जागा उरली नाही, म्हणून मी आणखी एक आठवडा आक्काकडेच राहिले.

पुढच्या बाजाराला तो आला तो मान खाली घालून. बरोबर त्याचा मेहुणा होता. तिळाचं तेल नेहमीपेक्षा बरंच कमी निघालं होतं. मेहुणा म्हणत होता, की बंदीच्या काळात या लोकांनी पायली आतून बदलली. त्यांच्या धर्माच्या माणसांवर विसंबलं की असंच व्हायचं. आक्काने नेहमीसारखं मला भरलं आणि पट्टी पुढे केली. घाणेवाल्याने पट्टी हातात घेतली नाही.

सगळं मैदान आमच्याभोवती गोळा झालं. पट्टी नाकारणं म्हणजे काय, ते तिथल्या प्रत्येकाला ठाऊक होतं. खोटं माप बाजारातच कुऱ्हाडीने फोडायचं आणि ते वापरणाऱ्याने पुन्हा कधी बाजारात बसायचं नाही, असा जुना नियम होता. आक्काकडे दुसरं होतं तरी काय? शेतात तीळ, घरात तीळ. बाजारातली जागा गेली तर घर उपाशी, आणि वर खोट्या मापाची बाई हे नाव जन्मभर.

मैदानाच्या कडेला एक दगडी कुंड होतं. खऱ्या मापाच्या सहा पायल्या ओतल्या की ते काठोकाठ भरायचं. सगळ्यांच्या डोळ्यांदेखत सहा पायल्या ओतल्या. कुंड भरलं नाही. चांगलं वीतभर रिकामं राहिलं. दोन्हीकडून कुजबुज वाढली. या बाजूचे म्हणाले, आमच्या बाईवर आळ घेतात. त्या बाजूचे म्हणाले, दिसतंय ते काय खोटं आहे? मेहुणा कुऱ्हाड घेऊन आला.

आक्का रडली नाही. तिने मला उचललं आणि घाणेवाल्याच्या हातात दिलं. "फोडायची तर तू फोड, दादा. दुसऱ्या कुणाचा हात नको."

त्याने मला पोटाशी धरलं. त्याचा तळवा माझ्या आतल्या अंगावरून फिरला आणि थबकला. पुन्हा फिरला. त्याने मला नाकाशी नेलं, नखाने लाकूड खरवडलं. मग अगदी हळू विचारलं, "आक्का, हिला शेवटचं तेल कुणी लावलं होतं?"

"तूच की. बंदीच्या आधी."

"आणि नंतर?"

"तुमच्या देवाचं ते. मी कसं लावणार? मी आपलं आमचं पाणी चुकवलं नाही. रोज धुतली, एक दिवस चुकवला नाही."

घाणेवाला मला घेऊन खाली मातीतच बसला. मग म्हणाला, "एवढा मान राखलास आमच्या देवाचा, की पायली पाणी पीत बसली."

मेहुण्याला ते पटलं नाही आणि त्याने तसं सांगितलं. शेवटी दोन्हीकडच्या म्हाताऱ्यांनी ठरवलं, की पुढच्या बाजारापर्यंत पायली मैदानात, उन्हात राहील, आणि तिच्याजवळ दोन्हीकडचं एकेक माणूस बसेल. तोवर आक्काने बाजारात बसायचं नाही. अलीकडून आक्का बसली आणि पलीकडून तो मेहुणाच बसला. पहिले काही दिवस तो तिच्याकडे बघेना. ऊन चढलं तसं एका दुपारी त्याने आपली छत्री मध्ये सरकवली, म्हणजे अर्धी सावली तिच्यावर पडावी. मी वाळत होते. पट्ट्या कुरकुरत होत्या, एक बारीक चीरही गेली. शेवटी घाणेवाल्याने येऊन तेल चोळलं आणि उरलेलं तेल आक्कापुढे धरलं. तिने एकदा आभाळाकडे पाहिलं. मग बोटं बुडवली आणि स्वतःच्या हाताने मला तेल लावलं. ओठ हलत होते, शब्द तिचेच होते.

बाजाराच्या दिवशी आक्काने भरलं आणि पट्टी पुढे केली. या वेळी घाणेवाल्याने ती मेहुण्याच्या हातात दिली. सहावी पायली ओतली आणि तीळ कुंडाच्या काठाला टेकले. मेहुण्याने कुऱ्हाड उचलली, खांद्यावर टाकली आणि गाडीत नेऊन ठेवली. येताना आक्काचं पोतं उचलून तिच्या जुन्या जागेवर आणून टेकवलं.

त्यानंतर दोन्ही घरी मला दोन्ही मिळत गेलं, आधी पाणी आणि मग तेल. आक्का थकली, बाजारात येईनाशी झाली, आणि पुढे गेलीच. त्या आठवड्यात मी घाणेवाल्याकडे होते. त्याने मला विहिरीवर नेलं आणि डोळे मिटून, तिच्या पद्धतीने धुतलं. तेव्हा मला फार भरून आलं.

आता मैदानावर मोठी इमारत आहे, विजेवर चालणारे वजनकाटे आहेत, मालाचे ट्रक येतात-जातात. चांगलंच आहे ते. मला इमारतीच्या दारात काचेच्या पेटीत ठेवलं आहे. खाली पाटी आहे, दोन देशांच्या मैत्रीचं प्रतीक. येणारेजाणारे कौतुकाने बघतात, फोटो काढतात. पेटीला कुलूप आहे. पाणी लावणारं कुणी नाही, तेल लावणारं कुणी नाही, आणि ती बारीक चीर हळूहळू वाढते आहे.

मित्रांनो, मला पेटीबाहेर काढा असा हट्ट मी धरत नाही. माझं वय झालं. पण तुमच्या घराच्या आणि शेजाऱ्याच्या घराच्या मध्ये काहीतरी दोघांचं असेलच. एखादी विहीर असेल, एखादी वाट असेल, नाहीतर नुसतं बोलणं-चालणं असेल. तुम्ही आपल्या परीने ते जपत असाल, माझ्या आक्काने जपलं तसं. तेवढ्यावर थांबू नका. शेजारी त्यासाठी काय करत होता, तेही त्याला विचारा, आणि तो येऊ शकणार नाही त्या दिवसांत त्याच्या वाटणीचं तुम्ही करा. त्याच्या देवाला राग येत नाही, मी दोन्ही घरी राहून पाहिलं आहे.

आणि कधी इकडे आलात तर पाटी वाचून पुढे जाऊ नका. कुलपाची किल्ली ज्याच्याकडे असेल त्याला एवढंच विचारा, की हिला शेवटचं तेल कुणी लावलं होतं?